मांडीच्या हाडातील जमाखर्च : प्रकाशा, इनामगाव आणि म्हातारपणाची तीन हजार वर्षे जुनी गोष्ट

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशा नावाचे गाव आहे. खानदेशात त्याला दक्षिण काशी म्हणतात. येथे येणारा यात्रेकरू केदारेश्वराचे दर्शन घेऊन घाट उतरतो आणि परत जातो. गावाच्या पांढरीखाली आणखी एक प्रकाशा दडलेले आहे, हे त्याला सहसा ठाऊक नसते. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी ही पांढर खणली. तळाशी ताम्रपाषाणयुगातील वस्ती होती, तिच्यानंतर बराच काळ ओसाडी, आणि मग लोखंड वापरणाऱ्या माणसांचे थर. तळाच्या वस्तीच्या उत्तरार्धात सापडलेल्या खापरांत एक जात विशेष ओळखीची होती : लाल पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगातील भौमितिक नक्षी, आणि टिचकी मारली तर धातूसारखा नाद. ही जोर्वे खापरे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ती प्रथम उजेडात आली आणि त्या गावाचेच नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले.

आजचा धागा मात्र खापरांविषयी नाही. ती घडवणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसांच्या हाडांविषयी आहे, आणि वाचकहो, काही अंशी तुमच्याही हाडांविषयी आहे.

जोर्वेकालीन माणसांच्या अस्थींचा सर्वांत मोठा संग्रह तापीकाठी मिळाला नाही. तो मिळाला भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ ही पांढर खणली. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही या उत्खननाशी निगडित मुख्य नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांत येथे तीन टप्प्यांत वस्ती झाली : माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष आणि दोनशेहून अधिक दफने सापडली. महाराष्ट्राच्या प्रागैतिहासिक काळातील एका गावाचे दैनंदिन जीवन इतक्या बारकाईने दुसरीकडे क्वचितच दिसते.

दफनांची रीत मनात घर करणारी आहे. मूल दगावले की त्याला दोन मातीच्या कुंभांत, तोंडाला तोंड लावून ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. प्रौढाला उताणे, उत्तर-दक्षिण निजवीत आणि त्याची पावले घोट्याखाली तोडून टाकत. मृताने भूत होऊन चालू लागू नये, असा त्यामागचा अर्थ ढवळीकरांनी लावला. मुलांची पावले मात्र कोणी तोडली नाहीत. आईवडील त्याच जमिनीवर चूल पेटवत, जेवत, झोपत. पायांखाली दोन हात खोलीवर त्यांचे लेकरू असे.

दफनांत लहान मुलांचाच भरणा मोठा होता. त्या काळी बालमृत्यू किती होते, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

हीच बालके पुढे शास्त्राची साक्षीदार झाली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा सविस्तर मानववंशशास्त्रीय अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या अस्थींचा पुन्हा अभ्यास केला. त्यावरील त्यांचे पुस्तक २०११ मध्ये आले.

त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे, कारण धाग्याचा सारा पाया तिच्यावर उभा आहे. मुलाचे वय दातांवरून कळते. दात हे शरीरातील हट्टी घड्याळ. उपासमार झाली तरी ते फारसे मागे पडत नाही. हाडांची वाढ मात्र लगेच मागे पडते. म्हणून दातांवरून काढलेले वय आणि मांडीच्या हाडाची लांबी शेजारी ठेवली की मूल किती खुंटले होते ते समजते. आणखी पुढे जाऊन त्या हाडाचा मधोमध आडवा छेद पाहिला, की आतील पोकळी केवढी आणि भोवतीची भिंत किती जाड, हे कळते. लांबी उंची सांगते. भिंतीची जाडी बळ सांगते, आणि त्या हाडाने किती वजन पेलले असेल याचा अंदाजही देते.

भिंत कशी पातळ होते? हाड हे लाकडाच्या वाशासारखे मेलेले द्रव्य नाही. त्यात कोलॅजेन या प्रथिनाचे धागे असतात आणि त्या धाग्यांवर कॅल्शियम व फॉस्फरस यांचे स्फटिक बसलेले असतात. शरीरातील नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठवलेले असते. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असतो. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्ताचे गोठणे या साऱ्यांना तो क्षणोक्षणी लागतो, म्हणून रक्तातील प्रमाण शरीर ढळू देत नाही. ताटात कॅल्शियम आले नाही तर ते हाडांतून काढले जाते. हाडात दोन प्रकारच्या पेशी अखंड राबत असतात. एक जुने हाड पोखरते, दुसरी नवे रचते. उपासमारीत पोखरणे चालू राहते आणि रचणे थबकते. १९६० च्या दशकात स्टॅन्ली गार्न या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने कुपोषित बालकांच्या क्ष-किरण चित्रांत हेच दाखवले : बाहेरून हाड बरेचसे जसेच्या तसे, आतून मात्र भिंत खरवडलेली. कणगीतील धान्य खालून उपसले जावे आणि वरून कोणाच्या लक्षात येऊ नये, तसा हा प्रकार.

इनामगावच्या कणगीविषयीही आपल्याला थोडे ठाऊक आहे. पूर्व जोर्वे काळात गाव सुस्थितीत होते. सातू हे मुख्य पीक, गहू आणि कडधान्ये जोडीला. पाणी वळवण्यासाठी पाट खणलेला. पाच खोल्यांचे एक मोठे घर, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. ते घर गावप्रमुखाचे असावे, असे मानले जाते. इ. स. पूर्व १००० च्या आसपास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती रोडावते, शिकार आणि पशुपालन यांच्यावर भिस्त वाढते. ढवळीकरांनी याचे कारण अवर्षणात शोधले. नंतरच्या अभ्यासकांनी केवळ पावसाला दोष देण्याविषयी शंका घेतली आणि जमिनीचा कस, शेतीची पद्धत, लोकसंख्या यांचाही विचार मांडला. मला हे दुसरे मत अधिक पटते. दख्खनच्या पर्जन्यछायेतील गावाला दुष्काळ नवखा नव्हता. एवढ्या मोठ्या स्थित्यंतराला एकच कारण पुरेल, हे कठीण दिसते.

कारण कोणतेही असो, हाडांवरची नोंद स्पष्ट आहे. उत्तर जोर्वे काळातील बालके आधीच्या पिढ्यांतील बालकांच्या तुलनेत कमी वजनाची, रोडावलेली दिसतात. यांतील अनेक मुले दोन-तीन वर्षांच्या आतली आहेत. एवढ्या लहान मुलाच्या हाडात केवळ त्याचे स्वतःचे जेवण लिहिलेले नसते. गर्भात असताना आणि अंगावर पीत असताना आईला काय मिळाले, तेही त्यात उतरलेले असते.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. म्हातारपणी हाडे ठिसूळ होण्याची, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची, गोष्ट सांगताना बालकांच्या सांगाड्यांत इतके का रमायचे? उत्तर हाडाच्या हिशेबात आहे. माणसाच्या हाडांचा साठा जन्मापासून वाढत जातो. वयात येण्याच्या आसपासच्या मोजक्या वर्षांतच प्रौढपणीच्या साठ्याचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. विशीच्या उंबरठ्यावर बहुतेक भरणा झालेला असतो आणि तिशीच्या सुमारास साठा शिखरावर पोहोचतो. त्यानंतर जमेपेक्षा खर्च हळूहळू अधिक होऊ लागतो. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे संरक्षण जाते आणि पुढील पाच-सात वर्षांत हा खर्च एकदम वाढतो. साठीत मनगट मोडते, सत्तरीत खुबा मोडतो. तेव्हा दोष घसरड्या न्हाणीघराला दिला जातो. खरे पाहता तो हिशेब पन्नास वर्षांपूर्वीच्या ताटापर्यंत मागे नेता येतो.

जुन्या माणसांना मात्र या शिखराच्या पलीकडची उतरण बहुधा पाहायलाच मिळत नसे. इनामगावातील एक प्रसिद्ध दफन चार पाय असलेल्या मोठ्या कुंभातील आहे. त्यात बसवलेला पुरुष पावले शाबूत ठेवून पुरलेला होता. तो कोणी मानाचा माणूस असावा. त्याचे वय सुमारे चाळीस होते. फार मागे जायलाही नको : स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते सत्तरीच्या आसपास आहे. सरासरीतील मोठा वाटा बालमृत्यूंचा असतो हे खरे, तरीही हाडे झिजण्याइतके जगणे ही सर्वसामान्यांच्या वाट्याला अलीकडे आलेली गोष्ट आहे. ‘ऑस्टिओपोरोसिस’ हा शब्दच एकोणिसाव्या शतकात स्ट्रासबूर्गच्या जाँ लोबस्टीन यांनी रूढ केला. रजोनिवृत्तीशी त्याचा संबंध अमेरिकेत फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास जोडला. आणि हाडांच्या घनतेवरून त्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने केली ती १९९४ मध्ये.

तरी जुनी हाडे म्हातारपणाविषयी अगदीच मुकी नाहीत. लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथील चर्चच्या तळघरात १७२९ ते १८५२ या काळात पुरलेल्या स्त्रियांच्या खुब्यांची घनता संशोधकांनी मोजली आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्या स्त्रियांच्या हाडांची वयोमानानुसार झालेली झीज आधुनिक स्त्रियांपेक्षा कमी होती. संशोधकांनी सुचवलेले एक संभाव्य कारण साधे होते : त्या अधिक चालत, अधिक राबत. हाडावर भार पडला की ते त्या भाराच्या दिशेने स्वतःला बळकट करते, हे बर्लिनच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. त्याचा उलटा पुरावा अंतराळातून मिळतो. तेथे भारच नसल्याने अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक टक्क्याहून अधिक घटते.

आता पुन्हा आपल्या भागाकडे येऊ. अन्न आणि श्रम यांच्या जोडीला हाडांना आणखी एक गोष्ट लागते, आणि तिचा एक महत्त्वाचा पुरावा नाशिकने दिला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुडदूस या रोगाने युरोपातील डॉक्टरांना हैराण केले होते. मुलांचे पाय वाकत, छाती पुढे येई. एक पक्ष म्हणे, दोष अन्नाचा. दुसरा म्हणे, दोष कोंडलेल्या, अंधाऱ्या घरांचा. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने आजारी मुले बरी केली. त्याच सुमारास हचिन्सन या डॉक्टरांनी मुंबई इलाख्यात शोध घेतला. १९२१ मध्ये पटेल यांच्यासह मुंबई शहरातील वाढत्या वयातील मुडदुसावर आणि १९२२ मध्ये शाह यांच्यासह नाशिकच्या अनुभवावर त्यांनी लेख लिहिले. नाशिकला त्यांना जे आढळले ते त्या काळच्या समजुतीला धक्का देणारे होते. दूधदुभते भरपूर असलेल्या, सुखवस्तू, पडदा पाळणाऱ्या घरांत मुडदूस होता. बाळंतीण आणि बाळ दोघेही महिनोन्‌महिने आतल्या खोलीत राहत. ज्यांचे अन्न अगदी निकृष्ट, पण ज्यांची मुले दिवसभर आईसोबत उघड्यावर असत, अशा कष्टकरी कुटुंबांत मात्र तो जवळजवळ नव्हता.

त्याच १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी मुडदूस रोखणारे द्रव्य वेगळे ओळखले आणि पुढे त्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. ऊन पडले की त्वचा ते स्वतः तयार करते. ते नसेल तर आतडे अन्नातील कॅल्शियम नीट शोषू शकत नाही, मग दूध कितीही पाजा. नाशिकच्या माजघरातील कोडे असे उलगडले. आजही शहरी भारतात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. पडदा गेला, पण वर्ग, क्लास, कार्यालय आणि मोबाइल यांनी तरुण पिढीला पुन्हा आतल्या खोलीत बसवले आहे. सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व बनवायला उन्हात अधिक वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. कोवळ्या सकाळच्या उन्हाचे कौतुक आपल्याकडे फार आहे, पण आवश्यक किरण त्यात अत्यल्प असतात. ते दुपारच्या आसपासच्या उन्हात मिळतात.

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळे होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला. येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे : भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या उतारांवर डोक्यावर हंडा आणि मोळी घेऊन चढणाऱ्या स्त्रीला व्यायामाचे धडे कोणी द्यावेत? वोल्फच्या सिद्धान्तातला भार तिच्या हाडांवर रोज पडतो. ऊनही विपुल आहे. नाशिकच्या त्या माजघरात जे नव्हते, ते येथे आहे. उणीव आहे ती ताटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. इनामगावच्या उत्तर जोर्वे मुलांच्या हाडांत जे वाचले गेले, ते येथे अंगणवाडीच्या वजनकाट्यावर वाचता येते. अशी खुंटलेली मुलगी पुढे स्त्री होते, बाळंतपणे करते, म्हातारी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील स्त्रियांची हाडे तपासली तेव्हा त्यांची घनता कमी निघाली. आपल्याकडे खुब्याचे अस्थिभंगही पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत लवकरच्या वयात होताना दिसतात.

जाता जाता एक सांगायला हवे. नंदुरबारात हाडे दुखण्याचे प्रत्येक कारण कॅल्शियम नसते. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आहे. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड तरुणपणीच निकामी होऊ शकते. अशा रुग्णाला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवणे म्हणजे चुकीच्या थरात उत्खनन करणे होय.

ताटाकडे वळू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते, तेवढ्याच तांदळात जेमतेम दहा. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात सुमारे १२०. तिळात हजाराहून अधिक, फक्त तीळ कोणी वाटीवाटीने खात नाही. राजगिऱ्याची आणि शेवग्याची पालेभाजी या बाबतीत श्रीमंत आहे. नाचणी, राळा, भगर ही डोंगरउताराची धान्ये मागे सरली आणि स्वस्त तांदूळ-गहू पुढे आले, तेव्हा पोट भरण्याचा प्रश्न काहीसा सुटला, पण हाडांचा वाटा घटला. कॅल्शियमसोबत प्रथिनेही लागतात, कारण कोलॅजेनचे धागे नसतील तर स्फटिक बसणार कशावर? तंबाखू आणि दारू यांनी झीज वाढते. उतारवयात ज्यांची उंची घटते आहे, पाठीला बाक येतो आहे किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले आहे, त्यांनी डॉक्टरांकडून घनतेची तपासणी करून घ्यावी. झीज मंदावणारी औषधे आज उपलब्ध आहेत. इतिहासात डोकावणाऱ्या विशीतल्या वाचकांचा भरणा अजून चालू आहे. तो किती वर्षे उरला, हे त्यांनी स्वतःच मोजावे.

आणि इनामगावच्या त्या जुळ्या कुंभांतील बालकांचा धागा? गर्भातील बाळाचा सांगाडा घडवायला सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम लागते. त्याचा बहुतांश भाग आई शेवटच्या तीन महिन्यांत देते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, ती नेमक्या याच माउलीसाठी : गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे पूर्ण, ताजे जेवण अंगणवाडीत. सातपुड्याच्या पाड्यांवर ही ताटे वाढली जातात. मात्र पावसाळी पीक हाती आले की अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. त्या कुटुंबांतील गर्भार स्त्रीही सोबत जाते, आणि तिच्या वाट्याचे ताट पाड्यावरच राहते.